बाळंतिणीचा सव्वा महिना आणि नवजात बालकाचे पोषण

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित आरोग्य व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेताना वास्तू, शिष्यवृत्त्या, औषधालये आणि आरोग्य शिबिरे यांचा उल्लेख होतो आणि तो यथार्थच आहे. परंतु या पन्नास वर्षांत समाजात जन्मलेल्या प्रत्येक बालकाला पहिला घोट कोणी दिला, कसा दिला आणि त्या वेळी त्याच्या आईच्या पाठीशी कोण उभे होते, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

नांदेड किंवा लातूर येथील कोणत्याही सुखवस्तू घरातील एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. रुग्णालयात सुखरूप सुटका झाली, पेढे वाटून झाले, सासरी निरोप गेले. तिसऱ्या रात्री बाळ रडू लागते. आई पाजते, बाळ जरा वेळ ओढते, डोळे मिटते आणि अंथरुणावर ठेवताच पुन्हा रडते. दोन वाजता घरातील सर्व दिवे लागलेले असतात. कोणीतरी हलक्या आवाजात म्हणते, ‘‘दूध पुरत नाही वाटतं.’’ पहाटे मुलीचा भाऊ औषधाच्या दुकानातून दूध पावडरचा डबा आणि बाटली घेऊन येतो. बाळ ते दूध पिऊन सलग चार तास झोपते आणि घराला हायसे वाटते.

या प्रसंगात कोणाचाही हेतू वाईट नाही. प्रत्येकाने प्रेमापोटीच धावपळ केली. मात्र त्या चार तासांत आईच्या अंगावरचे दूध कोणी ओढले नाही. जे दूध ओढले जात नाही ते पुढे कमी तयार होते, हा शरीराचा नियम आहे. दुसऱ्या दिवशी दूध थोडे कमी येते, म्हणून बाटली आणखी एकदा दिली जाते. तिसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या रात्री जो केवळ अंदाज होता, तो तिसऱ्या आठवड्यात खरा ठरतो. आणि ती मुलगी पुढे आयुष्यभर सांगत राहते, ‘‘मला दूधच आलं नाही.’’ अशा शेकडो मातांच्या मनात राहून गेलेली ही खंत बहुतांश वेळा टाळता येण्याजोगी असते.

पहिला तास आणि चीक

प्रसूतीनंतर पहिल्या तासात बाळ बहुधा जागे व तरतरीत असते. त्याला कोरडे करून, उघड्या अंगाने आईच्या छातीवर पालथे ठेवले असता ते हळूहळू सरकत स्तन शोधते व चोखू लागते. या स्पर्शाने बाळाचे अंग उबदार राहते, आईचे गर्भाशय आकुंचन पावते आणि रक्तस्राव कमी होण्यास मदत होते. सिझेरियन झाले असले तरी, केवळ कमरेखालचा भाग बधिर केलेला असल्यास, परिचारिकेच्या मदतीने पहिल्या तासात पाजता येते.

वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या. परंतु जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली बालके ४१.८ टक्केच होती. याचा अर्थ असा की, कुटुंबे रुग्णालयापर्यंत पोहोचली, पण निम्म्याहून अधिक बालकांचा तो पहिला तास पेढ्यांच्या, फोनच्या आणि ‘आधी आईला विश्रांती घेऊ द्या’ या सद्भावनेच्या गडबडीत निघून गेला.

पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. पूर्वी ते ‘साचलेले, जड’ समजून पिळून टाकण्याची रीत अनेक घरांत होती. काही ठिकाणी आजही आहे. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस ज्या प्रांतात कौतुकाने खाल्ला जातो, त्याच प्रांतात स्वतःच्या बाळाच्या वाट्याचा चीक मोरीत जावा, ही विसंगतीच म्हणावी लागेल. येथील श्रोत्यांना तर हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. गाय वा म्हैस व्याल्यानंतर ठरावीक दिवस तिचे दूध न घेण्याची मर्यादा अनेक जैन कुटुंबे पाळत आली आहेत. वासराच्या वाट्याची जी जाण तेथे ठेवली गेली, तीच बाळाच्या बाबतीत ठेवावयाची आहे. चिकात रोगप्रतिकारक द्रव्यांचे प्रमाण मोठे असते. बाळाच्या आतड्याला आतून लेप बसावा तसे ते काम करते आणि पोटातील पहिला काळा मळ बाहेर पडण्यास साहाय्य करते.

यास्तव गुळाचे पाणी, साखरपाणी, घुटी, बाळकडू, एरंडेल यांपैकी काहीही पहिल्या घोटाआधी वा नंतर देऊ नये. मध आपल्याकडे बहुतेक घरांत वर्ज्यच आहे. वैद्यकशास्त्रही पहिले वर्षभर बाळाला मध देऊ नये असे सांगते, कारण त्यातून एका गंभीर विषबाधेचा धोका संभवतो. थोरांच्या हातून बाळाला काही ‘चाटवण्याची’ हौस असल्यास तो मान सहा महिन्यांनी, उष्टावणाच्या दिवशी द्यावा.

तिसऱ्या रात्रीचे गणित

पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी साधारण चमचाभर दूध पुरते. निसर्ग चीक थेंबाथेंबाने देतो, तो कंजूषपणामुळे नव्हे. बाळाची भूकच तेवढी असते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान स्तन जड होतात आणि दूध भरून येते. पहिलटकरणीला व सिझेरियन झालेल्या मातेला त्यास थोडा अधिक वेळ लागू शकतो. नेमक्या याच संधिकाळात बाळ वारंवार मागते, कारण त्याच्या ओढण्यानेच दूध वाढावयाचे असते. रात्री दूध निर्माण करणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण अधिक असते; म्हणून रात्रीचे पाजणे टाळणे म्हणजे दुसऱ्या दिवशीचे दूध घटवणे होय.

पान्हा फुटणे ही मात्र निराळी क्रिया आहे. दूध तयार असूनही भीती, वेदना किंवा अपमान यांमुळे ते काही काळ अडते. बाळाच्या स्पर्शाने, त्याच्या वासाने, निवांतपणाने ते पुन्हा वाहू लागते. ज्या खोलीत पाच बायका बसून ‘‘येतंय का गं?’’ असे विचारत असतात, त्या खोलीत पान्हा लवकर फुटत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

पाजण्याची रीत

अंगावर पाजणे ही नैसर्गिक गोष्ट असली तरी ती शिकावी लागते. पूर्वी एकत्र कुटुंबात मुली ती पाहून पाहून शिकत. आज अनेक मुलींनी स्वतःच्या बाळाआधी कोणतेही तान्हे मूल हातात घेतलेले नसते. म्हणून पुढील गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात.

१) आईने पाठीला टेकू देऊन बसावे. बाळाकडे वाकू नये, बाळाला आपल्याकडे आणावे. मांडीवर उशी वा घडी घातलेली गोधडी घेतल्यास हाताला आधार मिळतो.

२) बाळाचे डोके, मान व पाठ एका रेषेत असावी. त्याचे पोट आईच्या पोटाला लागलेले असावे. मान वळवून पिणारे बाळ लवकर दमते.

३) बाळाच्या नाकासमोर स्तनाग्र येईल असे धरावे. त्याच्या वरच्या ओठाला हलका स्पर्श करताच ते तोंड उघडते. जांभई द्यावी तसे मोठे तोंड उघडेपर्यंत थांबावे आणि मग त्याला चटकन जवळ घ्यावे.

४) केवळ स्तनाग्र नव्हे, तर त्याभोवतीचा काळा भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, बाळाच्या तोंडात जावयास हवा. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला व गाल फुगीर असतील तर पकड योग्य समजावी.

५) सुरुवातीच्या काही क्षणांनंतर दुखता कामा नये. दुखत राहिल्यास बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ बोट आत सरकवून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे. भेगा पडण्याचे सर्वांत मोठे कारण चुकीची पकड हेच असते. भेगांवर पाजून झाल्यानंतरचे दुधाचे थेंब लावून ते वाळू द्यावेत.

६) एक बाजू बाळ स्वतः सोडेपर्यंत पाजावी, मग दुसरी द्यावी. घड्याळ लावून दहा-दहा मिनिटांनी बदलण्याचे कारण नाही.

सिझेरियननंतर टाके दुखत असल्यास कुशीवर निजून, किंवा बाळाचे पाय आईच्या काखेखालून मागे जातील अशा रीतीने धरून पाजता येते. मुंबईच्या आय.आय.टी.तील डॉ. रूपल दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पकडीच्या या तंत्राचे चित्रफितींद्वारे तपशीलवार प्रशिक्षण तयार केले असून ते मराठीतही उपलब्ध आहे. घरातील आजीने व मुलीने ते एकत्र बसून पाहिल्यास अर्धे वाद आपोआप मिटतील.

दूध पुरते की नाही ?

रडणे हे भुकेचे शेवटचे लक्षण आहे. बाळ त्याआधी तोंड फिरवते, मुठी चोखते, ओठ चाटते. त्याच वेळी जवळ घ्यावे. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिणे स्वाभाविक आहे. संध्याकाळी घटकाघटकेला मागणे हेही दूध कमी असल्याचे लक्षण नव्हे. स्तन मऊ लागणे, पिळल्यास थोडेच दूध येणे, दूध पातळ दिसणे यांवरूनही निष्कर्ष काढू नये.

खरा हिशेब लंगोटाचा आहे. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा लघवी होते. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा वा अधिक वेळा, फिकट रंगाची लघवी होत असेल तर दूध पुरते आहे. शीचा रंग काळ्यावरून हिरवट व चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळा व्हावयास हवा. वजन पहिल्या काही दिवसांत थोडे उतरते. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक उतरू नये आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून यावे. लघव्या कमी होत असतील, बाळ सुस्त असेल वा वजन भरत नसेल, तर मात्र ‘अंगावरचेच पाजा’ एवढेच म्हणून थांबू नये. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जावे. पकड तपासणे, काढलेले दूध वाटीने देणे, आणि खरोखरच गरज असल्यास वैद्यकीय देखरेखीखाली वरचे दूध देणे, हा क्रम तेथे ठरतो.

मराठवाड्याचा उन्हाळा आणि पाणी

‘‘एवढ्या उन्हात बाळाचा घसा कोरडा पडत असेल, निदान दोन चमचे पाणी तरी द्या,’’ हा आग्रह मे महिन्यात नांदेड-लातूरच्या घराघरांत होतो. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. पहिले सहा महिने, उन्हाळ्यातही, बाळाला वेगळ्या पाण्याची गरज नसते. बाळ अधिक वेळा मागेल, तेव्हा अधिक वेळा पाजावे. पाणी आईने प्यावे. बाळंतिणीला पाणी तोडून देण्याची जी जुनी रीत काही घरांत आहे, ती या हवामानात सर्वथा त्याज्य आहे.

पाण्याचे मोल या भागाला कोणी शिकवावयास नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. घरात टँकरचे पाणी हंड्यात साठवून वापरले जात असताना बाटली उकळणे, पावडरसाठी पाणी उकळून घेणे, प्रत्येक वेळी ताजे दूध कालवणे हे किती घरांना जमले असेल, याचा विचार करावा. बाटलीच्या बुचात व खाचांत राहिलेला दुधाचा अंश जंतूंना पुरेसा असतो. जुलाबांची सुरुवात तेथूनच होते. आईचे दूध मात्र दुष्काळातही ताजे, कोमट आणि निर्मळ असते. त्यासाठी पाणी लागते ते केवळ आईच्या पेल्यात.

गाठी, ताप आणि नोकरी

दूध भरून येताना स्तन कडक होऊन दुखू लागले तर पाजण्याआधी कोमट कापडाने शेकावे, थोडे दूध हाताने काढून पुढचा भाग मऊ करावा, मग बाळाला लावावे. पाजून झाल्यावर थंड कापड ठेवावे. पाजणे थांबवू नये. एखादा भाग लाल होऊन दुखत असेल आणि थंडी वाजून ताप येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. तेव्हाही पाजणे सहसा चालूच ठेवावयाचे असते. आईला साधी सर्दी-पडसे झाले म्हणून बाळाला तोडू नये. नाका-तोंडावर पदर वा मुखपट्टी बांधून पाजावे.

नोकरी करणाऱ्या मातांना २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळण्याची कायद्यात तरतूद आहे. कामावर रुजू झाल्यावर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुटी घेण्याचीही तरतूद आहे. हाताने काढलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात साधारण तापमानाला सुमारे चार तास राहते. आपल्याकडील भर उन्हाळ्यात ते शीतकपाटात ठेवणेच इष्ट, आणि तेथे चोवीस तासांच्या आत वापरावे. गरम करताना भांडे कोमट पाण्यात ठेवावे, चुलीवर उकळू नये. ते बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा घरातील जुन्या चांदीच्या बोंडल्याने पाजावे. बोंडले उकळत्या पाण्यातून काढलेले असावे, बाळ उचलून बसते धरलेले असावे आणि दूध त्याच्या ओठांशी टेकवावे. रडत्या, उताण्या बाळाच्या तोंडात ते ओतणे धोक्याचे आहे.

कमी वजनाचे बाळ

अडीच किलोंहून कमी वजनाच्या वा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांची कहाणी अधिक नाजूक असते. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले आणि त्यांत १२ नवजात अर्भके होती, या वार्तेने सारा महाराष्ट्र हळहळला होता. त्या घटनेच्या कारणांची चर्चा हा येथील विषय नाही. नवजात जीव किती अल्प काळात हातचा जातो, याची जाणीव मात्र त्या दिवसांनी प्रत्येक घराला करून दिली.

अशा बाळांसाठी दोन उपाय महाराष्ट्रातील घराघरांत माहीत असावयास हवेत. पहिला म्हणजे आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बाळ बांधून ठेवणे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे रुग्णालयात काचपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा ही पद्धत सुरू झाली; तिला कांगारू मातृसेवा म्हणतात. बाळाच्या डोक्याला टोपी, पायांत मोजे, लंगोट आणि वरून सुती लुगड्याची घट्ट घडी एवढेच साहित्य त्यास लागते. आई थकल्यास वडिलांनी वा आजीने छातीशी घ्यावे. बाळाला ऊब कोणाची हे कळते, नाते विचारण्याइतके ते मोठे झालेले नसते. दुसरा उपाय म्हणजे, ओढण्याची शक्ती नसलेल्या बाळाला आईचे काढलेले दूध देणे. ते अपुरे पडल्यास दुसऱ्या मातांनी दान केलेले, तपासून निर्जंतुक केलेले दूध पुरवणारी मातृदुग्धपेढी उपयोगी पडते. आशियातील अशी पहिली पेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना शिक्षण देऊन घरोघरी नवजात बालकांची देखभाल केली. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये हीच पद्धत देशभर स्वीकारली गेली. त्यानुसार रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी येते. शहरातील बंगल्यांतही तिच्यासाठी दार उघडे असावे. ती वजनकाटा व तापमापक घेऊन आलेली असते.

बाळ पिणे सोडते, अंग गरम वा गार लागते, श्वास मिनिटाला ६० हून अधिक वेगाने चालतो, छाती आत ओढली जाते, झटके येतात, बेंबी लाल होते, किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसतात. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास नजर काढण्यात वेळ न दवडता १०८ वा १०२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. काविळीला कोवळे ऊन हा उपचार पुरेसा नाही.

आईचे ताट

दूध देणाऱ्या मातेला पहिल्या सहा महिन्यांत नेहमीपेक्षा रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. सोप्या भाषेत, दोन भाकरी, वाटीभर तुरीचे वरण आणि पेलाभर दूध एवढी ताटात भर घालावी. ज्वारी-बाजरी, शेंगदाणे, तीळ, हिरव्या पालेभाज्या, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर हे आपले अन्न उत्तमच आहे. कांदा-लसूण वर्ज्य असल्याने दूध कमी येते, ही समजूत निराधार आहे. दूध वाढते ते बाळाच्या ओढण्याने. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतर सहा महिने चालू ठेवाव्यात.

शाकाहारी कुटुंबांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. आईच्या शरीरात त्याची उणीव असली तर दुधातही ती उतरते. असे बाळ सुरुवातीला गुटगुटीत दिसते. परंतु सहा महिन्यांनंतर फिकट, मलूल होते, शिकलेले विसरू लागते, त्याचे हातपाय थरथरतात. वेळेवर उपचार न मिळाल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम राहू शकतो. आहार बदलण्याची यासाठी गरज नाही. दूध, दही, ताक नियमित घ्यावे आणि गर्भारपणातच रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात. बाळालाही ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज द्यावे लागतात, त्याविषयी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

पर्युषण वा दशलक्षण पर्वात तान्ह्या बाळाच्या आईच्या मनाची ओढाताण होते. घरात सर्वांचे उपवास आणि आपण मात्र जेवतो, याची तिला लाज वाटते. रात्री दोन-तीनदा पाजून तिचा घसा कोरडा पडतो, तरी पाणी मागण्यास ती संकोचते. षोडशकारण भावनांमध्ये तप आणि त्याग हे शक्तीनुसार करावयास सांगितले आहे, याचे स्मरण येथे थोरांनीच तिला करून द्यावे. तिने विचारण्याची वाट न पाहता सासूबाईंनी स्वतः पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला, तर त्या सुनेला जे वाटेल ते कोणत्याही पारण्याच्या सोहळ्याहून उणे नसेल.

दोष कोणाचाही नाही

एवढे सर्व करूनही काही मातांना दूध खरोखरच अपुरे पडते. काहींना आजारामुळे वा औषधांमुळे पाजता येत नाही; काही कुटुंबांनी बाळ दत्तक घेतलेले असते. अशा मातेने वाटीने पाजलेले दूधही मायेचेच असते. तिला सल्ल्याची नव्हे, स्वच्छतेसाठी मदतीची व चार गोड शब्दांची आवश्यकता असते. प्रसूतीनंतर मन खिन्न होणे, विनाकारण रडू येणे हे पंधरवड्यापलीकडे टिकल्यास तो आजार समजून उपचार करावेत. तो नखरा नव्हे.

समाजाने काय करावे ?

बाळाच्या अन्नाच्या व्यापारावर मर्यादा घालणारा कायदा १९९२ साली झाला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला. त्याआधीच, डिसेंबर १९९१ मध्ये, स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणारी ‘बीपीएनआय’ ही राष्ट्रीय संघटना आपल्याच वर्ध्यात स्थापन झाली होती. या कायद्यानुसार दोन वर्षांखालील बालकांच्या दूध पावडरची, आहाराची वा बाटल्यांची जाहिरात करता येत नाही. अनाथालयांचा अपवाद सोडता ही पावडर वा बाटल्या कोणास दानही करता येत नाहीत. हे दानशूर संस्थांनी विशेष ध्यानात घ्यावे. कायदा लागू होऊन दोन महिने होत नाहीत तोच, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. कोणत्याही आपत्तीत तंबूंमध्ये अंगावर पाजणाऱ्या माता असतात. त्यांना डबे वाटण्यापेक्षा आडोसा, पिण्याचे पाणी आणि दोन वेळचे जेवण प्रथम द्यावे. तेच त्यांच्या बाळांचे अन्न होय.

बाळासाठी रात्री रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीचे नाव राज्यातील अनेक एस.टी. स्थानकांवरील कक्षांना दिलेले आहे. प्रत्येक मंगल कार्यालयात, स्थानकात व मंदिराच्या धर्मशाळेत एक दार, एक कडी, एक पंखा, एक खुर्ची आणि पाण्याचा माठ असलेली लहानशी खोली असावी. ती कोठारासाठी वापरली जाऊ नये, एवढी दक्षता पुरे. सुवर्णमहोत्सवी वर्षात यासारखे स्वस्त आणि चिरस्थायी दान दुसरे क्वचितच असेल.

घरातील पुरुषांचे काम याहून सोपे आहे. रात्री उठून बाळ आईजवळ आणून द्यावे, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावी, लंगोट बदलावा आणि भेटीस आलेल्यांची गर्दी दाराशीच आवरावी. आणि ज्येष्ठ भगिनींनी एक वाक्य बदलावे. तिसऱ्या रात्री बाळ रडू लागले की ‘‘दूध पुरत नाही’’ असे न म्हणता, दिवा मंद करून, मुलीच्या पाठीमागे उशी सारून म्हणावे, ‘‘पुन्हा लाव बाळा, येतंय दूध. मी बसले आहे.’’

सहा महिने निव्वळ आईचे दूध, त्यानंतर उष्टावण करून खिमट, मऊ वरणभात, भरडीची खीर आणि त्यासोबत दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ अंगावरचे दूध, एवढाच हा सारा क्रम आहे. त्याची पायाभरणी सव्वा महिन्यात होते आणि सव्वा महिन्याची पायाभरणी त्या तिसऱ्या रात्री. त्या रात्री मुलीच्या जवळ बसणारे माणूस प्रत्येक घराला लाभो, ही सदिच्छा.